ट्यूबसारखे वागणारे ट्रान्झिस्टर

दादाच्या हाताला वजन कळतं, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं. वजनमाप खात्यात तो एकोणीस वर्षं इन्स्पेक्टर होता. दुकानदाराने पुडा हातात दिला, की काट्यावर ठेवायच्या आधीच दादा म्हणायचा, "बारा ग्रॅम कमी." आणि काटाही, बिचारा, बाराच ग्रॅम कमी दाखवायचा. खात्यात त्याच्या पाठीमागे त्याला 'पावग्रॅम' म्हणत. तोंडावर 'साहेब' म्हणत, पण त्या 'साहेब'मध्येही थोडा पावग्रॅम मिसळलेला असतो, हे दादाला लगेच कळे. स्वतःच्या मानाच्या बाबतीत त्याचा काटा फारच नाजूक होता.

अशा माणसाने घरी बसून गिटारचा प्रीअँप बनवायला घेतला, याचं कारण त्याचा धाकटा भाऊ.

धाकटा एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्याच्याकडे जुना ट्यूबचा अँप्लिफायर होता. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या ट्यूब, मागून डोकावलं की आत निखारे ठेवल्यासारख्या लालसर दिसायच्या. आठ महिन्यांपूर्वी एका समारंभात, ऐन रंगात, त्या अँपने धूर सोडला आणि मान टाकली. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बँडच्या म्होरक्याने उरलेला कार्यक्रम कॉम्प्युटरमधल्या तयार गिटारवर उरकला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. धाकट्याला अँपचं दुःख होतंच, पण हे लक्षात न येणं त्याला जास्त लागलं. त्या दिवशी तो घरी आला, गिटारची काळी पेटी कपाटाशेजारी उभी केली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून जेवायला उठायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा, आणि परत जाऊन भिंत बघायचा. भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. दादाने एकदा तो नसताना तिथे आडवा होऊन खात्री करून घेतली होती.

"नवा अँप घेऊ," दादा एकदा म्हणाला.

"नको."

"जुना दुरुस्त करू."

"त्या ट्यूब आता मिळत नाहीत. आणि ट्यूबशिवाय तो आवाज नाही, दादा. सोड."

आता, "तो आवाज नाही" हे वाक्य विज्ञान शिकलेल्या माणसापुढे उच्चारायचं नसतं. दादा तीन आठवडे वाचनालयात बसला. गिटारच्या तारेतून निघणारा विजेचा संकेत मुंगीच्या पावलाएवढा असतो; तो मोठा करायचा आणि करता करता त्याला रंग चढवायचा, हे प्रीअँपचं काम. ट्यूबला झेपेल त्याहून जास्त दिलं, तर ती एकदम नाही म्हणत नाही. भिडस्त माणसासारखी वाकत जाते, आणि त्या वाकण्यातच सगळी गोडी. साधा ट्रान्झिस्टर मात्र झेपेनासं झालं की तोंडावर दार आपटतो. पण ट्रान्झिस्टरांमध्ये फेट नावाची एक पोटजात आहे, तिला थोडी भीड असते. तिला नीट व्होल्टेज दिलं, तर ती बरीचशी ट्यूबसारखी वागते.

"तीन चॅनल करतो," दादाने जेवताना जाहीर केलं. "एक स्वच्छ, एक किंचित घोगरा, आणि एक असा की शेजाऱ्यांनी पोलीस बोलवावेत. एक खटका फिरवला की आवाज बदलला."

धाकट्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. दादाकडे बघितलं. "होऊ दे पुरा," एवढंच म्हणाला.

आठ महिन्यांत तो नकारार्थी नसलेलं हे पहिलंच वाक्य बोलला होता. दादाला त्या रात्री हुरूप आला, आणि हुरूप आलेला सरकारी माणूस जे करतो तेच त्याने केलं. एक वही उघडली.

पहिली ठेच परदेशी पार्सलांच्या कचेरीत लागली. दादाने दीडशे फेट बाहेरून मागवले होते. विकणाऱ्याने, हौशी असावा, पाकिटावर मालाचं वर्णन लिहिलं होतं: 'ट्यूबसारखे वागणारे ट्रान्झिस्टर'. खिडकीमागच्या कारकुनाने ते तीन वेळा वाचलं.

"ट्यूब आहेत का ट्रान्झिस्टर?"

"ट्रान्झिस्टर."

"मग ट्यूबसारखे का वागतात?"

"तशी जोडणी केली की वागतात. आत्ता नाही वागत."

"आत्ता नाही वागत," कारकुनाने चष्मा काढला. "ट्यूब काचसामानात जातात, ट्रान्झिस्टर सुट्या भागांत. फॉर्ममध्ये वस्तू काय आहे याला रकाना आहे. कशी वागते याला नाही."

एकोणीस वर्षं दादाने दुकानदारांना नेमक्या याच सुरात सांगितलं होतं, की 'अंदाजे' याला रकाना नाही. तो सूर खिडकीच्या या बाजूने कसा ऐकू येतो, ते त्याला पहिल्यांदा कळलं. तो चार वेळा गेला. शेवटी कारकुनाने तोडगा काढला. 'सदर वस्तू या कचेरीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत ट्रान्झिस्टरप्रमाणेच वागतील' असं हमीपत्र दादाने साध्या कागदावर लिहून दिलं, खाली सही केली आणि हुद्दा लिहिला. हुद्दा वाचून कारकून पहिल्यांदाच हसला. "अरे, आपलेच की तुम्ही! आधी नाही सांगायचं?" दादाने आधी सांगितलं नव्हतं, कारण त्याला वाटत होतं की चेहऱ्यावरून कळतं.

फेटची दुसरी खोड अशी, की एकाच साच्यातून निघालेले, अंगावर एकच नंबर छापलेले दोन फेट सख्ख्या भावांइतके वेगळे असतात. एक अर्ध्या व्होल्टला गप्प होतो, दुसऱ्याला गप्प करायला तीन लागतात. म्हणून प्रत्येक वेगळा मोजावा लागतो. दुसऱ्या कुणी हे काम डोक्याला हात लावून सोडलं असतं. दादाला ती मेजवानी होती. बावीस दिवस, रोज कचेरीतून आल्यावर, त्याने दीडशे फेट मोजले, जोड्या लावल्या आणि छोट्या पाकिटांत घालून पाकिटांवर आकडे लिहिले. दशांशचिन्हानंतर दोन स्थळं. रोज जेवताना तो धाकट्याला प्रगती सांगे. "आज एकसष्टावा झाला." धाकटा म्हणे, "होऊ दे पुरा."

"तुम्ही त्याच्याशी नीट बोला ना आधी," वहिनी एकदा म्हणाली. वहिनी म्हणजे दादाची बायको. घरात एकदा धाकट्याने वहिनी म्हटलं, की ती सगळ्यांचीच वहिनी झाली. "त्याच्यासमोर गिटारचा विषय काढा. नुसती यंत्रं काय मोजताय?"

"अगं, तपासणी पूर्ण झाल्याशिवाय उपकरण गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नसतं. गिटार शेवटी लावायची. तोवर चाचणीची शिट्टी."

चाचणीची शिट्टी म्हणजे ओळखीच्या कॉलेजातून उसनं आणलेलं एक यंत्र. ते एकाच सुरात न थकता वाजत राही. वहिनी काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि दोन्हींतली कुठली बंद करायची या घाईत ते राहून गेलं.

वरच्या मजल्यावर वायरमन काका राहायचे. वीज कंपनीतून निवृत्त. खांबावर चढून गेलेलं त्यांचं आयुष्य आता खाली बसून जात नव्हतं. ते रोज यायचे, खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, "अरे इन्स्पेक्टर, अर्थिंग कुठे दिलंस?" विजेच्या कुठल्याही प्रश्नाचं त्यांचं पहिलं उत्तर अर्थिंग हे होतं, आणि माणसांच्या बऱ्याच प्रश्नांचंही. धाकट्याच्या खोलीकडे मान उडवून ते म्हणत, "त्याचंही अर्थिंग सुटलंय."

एका शनिवारी दादा कचेरीत असताना काका आले. टेबलावर पंचाहत्तर पाकिटं बघून त्यांचा जीव कळवळला. संध्याकाळी दादा आला, तेव्हा टेबल लख्ख होतं. मधोमध एक डबा, डब्यात दीडशे फेट, एकमेकांत मिसळून सुखाने पडलेले.

"आवरून ठेवलं," काका म्हणाले. "अरे, सगळ्यांवर नंबर एकच! भिंग लावून बघितलं ना मी. एकाच जातीचा माल आणि पंचाहत्तर पाकिटं? तुमच्या खात्यात हेच चालतं वाटतं."

दादा खुर्चीवर बसला. मग पाकिटं कुठे गेली, असं अगदी हळू विचारलं. ती वहिनीने भाजीवाल्याच्या हिशेबाला घेतली होती.

धाकटा दारात येऊन उभा होता. डब्याकडे बघत होता. "सोड ना, दादा," तो म्हणाला. आवाजात असं काही होतं, की दादाला वाटलं, आता सोडलं तर हा कायमचाच भिंतीत जाईल.

"सोडतो कसला? बावीस दिवस तर लागतात."

चोवीस लागले, कारण दरम्यान ऋतू बदलला होता आणि फेटला थंडी कळते. शिवाय मोजताना काका वाकून बघायचे, आणि त्यांच्या श्वासाच्या उबेने आकडा हलायचा. दादाने वहीत एक नवा स्तंभ आखला: 'काका हजर / गैरहजर'.

खोकं कचेरीतून मिळालं. एका बाद झालेल्या वजनकाट्याचं पत्र्याचं कवच भंगारात जाणार होतं. त्यासाठी अर्ज, अर्जावर शेरा आणि शेऱ्यावर खुलासा असे साडेतीन आठवडे गेले. 'काटा घरी कशासाठी?' या प्रश्नाला दादाने 'भावासाठी' असं उत्तर लिहिलं. त्यावर साहेबांनी लाल शाईने फक्त प्रश्नचिन्ह काढलं, आणि तरी सही केली. खोक्याच्या तोंडावर पक्क्या रंगात छापलेलं होतं: 'वजन करण्यापूर्वी शून्य पाहा'. दादाने ते खरवडायचा प्रयत्न केला. गेलं नाही. मग त्याच अक्षरांखाली त्याने बटणांची भोकं पाडली.

जोडणी पुरी झाली आणि गुणगुण सुरू झाली. घरातल्या जुन्या स्टिरिओला प्रीअँप लावला, स्पीकर लावला, चाचणीची शिट्टी बंद केली, तरी स्पीकरमधून भुंऽऽ असा आवाज येतच राहिला. जणू भिंतीपलीकडे कुणी मोठा माणूस तोंड मिटून रडतोय. दादाने तारा बदलल्या, पिळल्या, पत्र्याला टेकवल्या. गुणगुण हटेना.

"अर्थिंग," काका म्हणाले. या वेळी त्यांचं बरोबर होतं, हा दैवदुर्विलास. पण नुसतं बरोबर असून काकांचं समाधान होत नसे. "ही गुणगुण तुझ्या पेटीतली की बिल्डिंगमधली, हे आधी ठरवू. तू प्रीअँप आणि स्टिरिओ दोन्ही बॅटरीवर लाव. मी खाली मेन पाडतो."

मेन पाडला. गुणगुण थांबली. दादाने आनंदाने वहीत नोंद केली. लिफ्टही थांबली होती, आणि लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते.

ते पस्तीस मिनिटांनी बाहेर आले, कारण मेनचा खटका परत चढवताना काकांच्या हातात आला. सेक्रेटरी बाहेर आले ते शांतपणे. शांत सेक्रेटरी हा ओरडणाऱ्यापेक्षा वाईट. दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस लागली: 'राहत्या जागेत विनापरवाना आवाजाचा उद्योग'. पंधरा दिवसांत समितीसमोर प्रात्यक्षिक द्यावं, अन्यथा यंत्र काढून टाकावं. लोकांच्या काट्यांवर नोटिसा चिकटवण्यात ज्याची उमर गेली, त्याने स्वतःच्या दारावरची नोटीस वाचली. जिना चढणारे थांबून वाचत होते आणि 'तुमच्याकडून अपेक्षा नव्हती' असा चेहरा करून जात होते. दादाने ती काढली नाही. नियमाने काढता येत नाही.

गुणगुण मात्र निघाली. दोन ठिकाणी जोडलेली अर्थिंगची एक तार एका ठिकाणी सोडवली, एवढंच निघालं. त्याला अकरा दिवस लागले.

प्रात्यक्षिक रविवारी दुपारी ठेवलं. समिती म्हणजे सेक्रेटरी. बाकीच्यांना झोप होती. काका वेळेआधी आले आणि पुढची खुर्ची पकडली. वहिनीने चहा ठेवला. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर ते खोकं, त्याचा हिरवा दिवा लागलेला, नवी केबल गुंडाळून ठेवलेली. खोलीत पूर्ण शांतता होती, आणि त्या शांततेचा दादाला अभिमान वाटत होता, कारण ती त्याने बनवली होती.

"ये रे," त्याने हाक मारली. "घेऊन ये गिटार."

धाकटा आला. रिकाम्या हातांनी. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली.

"अरे, गिटार?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"विकली. पाच महिने झाले."

खोलीत ती बनवलेली शांतता आता फारच ऐकू यायला लागली. काकांनी तोंड उघडलं, आणि आयुष्यात प्रथमच अर्थिंग न म्हणता मिटलं.

"पेटी तर तिथे आहे," दादा म्हणाला.

"पेटी आहे."

दादा उठला. आत गेला, कपाटाशेजारची काळी पेटी उचलून बाहेर आला, आणि चालता चालता मध्येच थांबला. हाताला कळलं होतं. "चार किलो शंभर," तो सवयीने पुटपुटला. "गिटार धरून साडेसात तरी हवी." मग खाली ठेवून त्याने कड्या उघडल्या. आत गिटारच्या आकाराचा लाल मखमली खड्डा होता, आणि त्यात एक जुना पट्टा.

"कुणाला विकलीस?"

"बँडमध्ये माझ्या जागी नवा आला ना, त्याला. त्याची स्वतःची फारच रद्दी होती रे. ऐकवत नव्हती."

"आणि मी चार महिने... रोज तुझ्यासमोर... तू सांगायचंस की!"

धाकट्याने खाली बघितलं. "तू रोज जेवताना सांगायचास. आज एकसष्टावा झाला, आज अडुसष्टावा झाला. आई गेल्यापासून तुला इतकं बोलताना बघितलं नव्हतं मी. मग कसं सांगू? म्हटलं, होऊ दे पुरा."

दादा वहिनीकडे वळला. ती चहाचा ट्रे धरून तशीच उभी होती. "तुला माहीत होतं?"

"अहो, मी दर आठवड्याला केर काढताना उचलते ती पेटी. एका हाताने." ती कावरीबावरी झाली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही वजनमापातले!"

 एकोणीस वर्षांत दादाने शहरातला एकही काटा हात लावल्याशिवाय सोडला नव्हता, आणि स्वतःच्या घरातली पेटी चार महिन्यांत एकदाही उचलली नव्हती. तो खुर्चीवर बसला. खोक्यावरची अक्षरं नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याने नजर फिरवली.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "म्हणजे, या यंत्राला लावायला वाद्य नाही?"

"नाही."

"म्हणजे आवाज होणार नाही?"

"नाही."

"मग समितीची काही हरकत नाही." त्यांनी खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून सही केली, तारीख घातली आणि दादाच्या हातात दिला. चहा पूर्ण प्यायले. जाताना दार अगदी हळू लावून घेतलं, जसं आजारी माणसाच्या घराचं लावतात. त्यांच्यामागून काका निघाले. दारात वळून म्हणाले, "पण गुणगुण काढलीस हां, इन्स्पेक्टर. ते मानलं." वहिनी कप घेऊन आत गेली आणि नळ जरा मोठाच सोडला.

दोघं भाऊ उरले. दादाला रागवायचं होतं, पण कुणावर रागवायचं हे काही केल्या जमेना. सगळ्यांचे आकडे सारखेच येत होते. त्याने खोक्याची पिन काढायला हात पुढे केला.

"थांब," धाकटा म्हणाला.

त्याने केबल उचलली. तिचं एक टोक खोक्यात घातलं. दुसऱ्या टोकाला, जिथे गिटार असायला हवी होती, तिथे त्या उघड्या पिनेच्या टोकावर त्याने अंगठा टेकवला.

भुंऽऽ.

अकरा दिवस खपून दादाने काढलेली ती गुणगुण, अंगठ्यातून पुन्हा आली. दादाच्या अंगावर काटा आला. "अरे, ती तर मी..."

"श्श. हे असंच होतं. माणूस लागला की होतं." धाकट्याने अंगठा उचलला, टेकवला. भुं. भुं-भुं. उचलला. भुं. ताल होता तो. त्याने खटका फिरवला आणि दुसरा चॅनल लावला. गुणगुणीला घोगरेपणा आला. तो मान तिरकी करून ऐकत होता. चुकलेल्या बटणांचा शर्ट, एक अंगठा, आणि डोळे भिंतीवर नाहीत, स्पीकरवर. तिसरा लावला. स्पीकरचा कागद थरथरला. खालच्या मजल्यावर कुणीतरी छताला काठी मारली.

"ऐकतोयस?" धाकटा म्हणाला. "दुसरा वाकतो. खरंच वाकतो. पण तिसऱ्याला बास जास्त झालाय. चिखल होतोय."

दादाने वही ओढली. पेन्सिल शोधली, ती कानावरच होती. "किती जास्त?"

"किती म्हणजे?"

"आकड्यात सांग."

"आकडा नसतो रे त्याला." भुं, भुं-भुं. "थोडा."

दादा पेन्सिल धरून बसला. त्या वहीत दीडशे फेट दोनदा मोजून लिहिले होते, दशांशचिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत, काका हजर आणि काका गैरहजर. त्याने शेवटच्या पानावर तिसऱ्या चॅनलपुढे रेघ ओढली. खालून पुन्हा काठी वाजली. मग त्याने सावकाश, सरकारी अक्षरात, लिहिलं: थोडा.